सरपंचाची पिसं

सकाळी दवाखान्याचं शटर वर ढकललं की बावड्याच्या शेतांकडून वास येतो. उसाचा रस काहिलीत तापायला लागला की आधी हिरवट वास सुटतो, ओल्या गवतासारखा. मग मळी वर येते तेव्हा जरा कुबट. आणि गूळ उतरायच्या बेतात आला की असा काही घमघमाट येतो की रस्त्यानं जाणाऱ्याची सायकल आपोआप हळू होते. मी आता गुऱ्हाळावर नाही, पण नाक अजून तिथंच कामाला आहे. शटर धरून उभा राहतो आणि मनात म्हणतो, जाळ कमी पडतोय, चिपाडं ओली दिसतात.

दर साली हंगाम लागला की मला तो एक हंगाम आठवतो. ज्यानं मला कोल्हापुरात ठेवून घेतलं तो.

मी यवतमाळकडचा. नववीत शाळा सोडली. कुणी विचारलं तर परिस्थिती म्हणतो, आणि परिस्थिती होतीच. पण खरं सांगायचं तर सर मला उभं करून धडा वाचायला लावायचे आणि माझा आवाज निघायचा नाही. अक्षरं सगळी ओळखीची असायची. घसाच बंद व्हायचा. मागच्या बाकावरून पोरं म्हणायची, "बोल ना बे!" ते 'बोल ना बे' ऐकलं की तळहाताला घाम सुटायचा. एके दिवशी दप्तर घेऊन निघालो तो शाळेत न जाता कापसात जाऊन बसलो, तो बसलोच.

पुढं गावातला एक जण इचलकरंजीला यंत्रमागावर होता, त्याच्या मागं आलो. वाटलं, मागांच्या खडखडाटात आपल्याला बोल म्हणणारं कोण आहे. ते खरंच निघालं. पण तो खडखडाट पाळी संपली तरी छातीत चालू राहायचा, झोपेतही. चार महिन्यांत ते सोसेना. कुणीतरी म्हणालं, कोल्हापूरला कसबा बावड्यात एका गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायला माणूस हवाय. खड्ड्यात बसायचं, समोर आग, हातात वाळकी चिपाडं. आगीशी बोलावं लागत नाही. मी त्याच दिवशी आलो.

गुऱ्हाळाचे मालक आबा. साठी उलटलेले, अंगात बंडी, आणि आवाज असा की पलीकडच्या गुऱ्हाळावरच्या माणसानं ओ द्यावी. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "पावणं, जाळ एकसारखा पायजे. काहिलीतलं आदण म्हंजे बाळंतीण बाई, तिच्याकडं पाठ करायची न्हाई." आदण म्हणजे एका वेळी काहिलीत शिजणारा रस. मी पाठ केली नाही. माझ्यासारख्या घाबरट माणसाचा हा एक गुण आहे. काहीतरी बिघडेल या धास्तीनं तो नजर हलवत नाही. पंधरा दिवसांत गुळव्या, म्हणजे गूळ कधी उतरवायचा हे ठरवणारा कारागीर, आबांना म्हणाला, "ह्यो गडी चांगला गावलाय." त्या रात्री भाकरी गोड लागली.

त्या गुऱ्हाळाच्या खांबाला एक पिंजरा टांगलेला होता. उंदराच्या सापळ्याहून थोडा मोठा. त्यात एक पोपट. इकडं राघू म्हणतात. आबांनी त्याचं नाव सरपंच ठेवलं होतं. "का सरपंच?" असं कुणी विचारलं की आबा म्हणायचे, "बसतंय, खातंय, आन तोंडातनं शबुद काढत न्हाई." सगळे हसायचे. रोजचाच विनोद, रोज हसायचे.

त्याच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा मी नजर काढून घेतली होती. छातीवर पीस नव्हतं. नुसतं करडं-गुलाबी कातडं, सोललेल्या कोंबडीसारखं. ती पिसं त्यानं स्वतःच उपटली होती. पंख कात्रीनं सरळ रेषेत कापलेले. चोच वाढून आत वळलेली. पिंजरा चुलवाणाच्या धुराच्या वाटेत, त्यामुळं डोळे कायम चिकटलेले. तारेत एक मिरची खोचलेली, कारण मिरची खाल्ली की राघू बोलतो अशी समजूत. वाटीत चहा, कधी शेव.

रविवारी शहरातली माणसं गुऱ्हाळ बघायला यायची. काकवी प्यायची, गरम गूळ खायची, मग पिंजऱ्यापाशी जमायची. उसाचं कांडकं आत घालून ढोसायची. "राघू, बोल की! बोल, विठू विठू म्हण!" तो कोपऱ्यात सरकायचा आणि एक पाय छातीशी घ्यायचा, उघड्या कातड्यावर. मी खड्ड्यात चिपाडं सारत असायचो. वर 'बोल की' सुरू झालं की माझ्या तळहाताला घाम यायचा. दोन महिने मी हे ऐकलं. एकदाही उठलो नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं.

आबा दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. स्वतः जेवायला बसले की आधी भाकरीचा तुकडा सरपंचाला द्यायचे. त्यांच्या लेखी ते त्याला घरच्यासारखं वागवत होते.

संक्रांतीच्या पुढं आबांची म्हैस अडली म्हणून डॉक्टरबाई आल्या. गुरांच्या डॉक्टर. चाळिशीच्या, कोपरापर्यंत हात माखलेले, घाईत. रेडकू सुखरूप निघालं. हात धुताना त्यांची नजर खांबाकडं गेली.

"आबा, हे काय?"

"सरपंच हाय आमचा."

"याला पाळणं गुन्हा आहे. माहीत आहे का?"

"गुन्हा? अवो बाई, राघू हाय, वाघ हाय व्हय?"

"वाघाला जसा कायदा तसा यालाही. उद्या वनखात्याला कळवते, ते घेऊन जातील. तोवर त्या धुरातून काढा आधी."

त्यांची गाडी वळणाआड जाते न जाते तोच आबांचा चेहरा उतरला. केस होईल, गुऱ्हाळाला कुलूप लागेल, पेपरात येईल. मोठ्या आवाजाचा माणूस घाबरला की बघवत नाही. पिंजरा काढून त्यांनी माझ्याकडं दिला. "सोड जा त्याला. आत्ताच्या आत्ता. आपल्याकडं राघू न्हवताच, काय?"

मी कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही. उसाच्या कडेला गेलो, दार उघडलं, त्याला मुठीत धरलं. पीसभर वजन. ऊर धडधडत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. आणि मी त्याला वर उडवलं. वाटलं, उडेल. पाखरू आहे, मोकळं आभाळ मिळालं की उडेलच की. तो ढेकळासारखा उसात पडला.

मी आत शिरणार तेवढ्यात मागून गुळव्याची हाक. "पावणं! जाळ!" आदण शेवटाला आलेलं. त्या वेळी जाळ पडला तर शंभर हातांचं काम वाया जातं. मी परत खड्ड्यात उतरलो. चिपाडं सारत राहिलो. उसावर कावळे जमले ते मला खड्ड्यातून दिसत होते. आधी दोन, मग पाच. काव काव इतकी की काहिलीचा आवाज ऐकू येईना. माझ्या आयुष्यात तेवढा लांब वेळ दुसरा नाही. गूळ उतरला, गुळव्यानं हात वर केला, आणि मी पळालो.

भर दुपार. उसाची पाती हात-तोंड कापत होती. कावळे ज्या सरीवर घिरट्या घालत होते त्या सरीत पाचट बाजूला करत गेलो. तो पाचटाच्या खाली, अगदी बुडाशी जाऊन बसला होता. चोच उघडी, डोक्यावर रक्ताचा ठिपका. मी हात घातला तर त्यानं माझा अंगठा असा धरला की हाडाला लागलं. मला इतकं बरं वाटलं! जीव आहे. चावतोय.

त्याला शर्टात गुंडाळलं आणि बनियनवर दवाखान्याकडं चालत निघालो. दोन मैल असेल. रस्ताभर डोक्यात एकच. डॉक्टरबाईंकडं नेला की आबांचं नाव येणार, माझं काम जाणार, आणि मग कुठं? परत इचलकरंजी? परत गाव? दोनदा थांबलो. शर्टाच्या आतून तो सारखा चावत होता, म्हणून चालत राहिलो.

"कुठं सापडला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"उसात."

त्या शर्ट उलगडायला लागल्या. मग माझ्या तोंडून निघालं, "मीच फेकला."

मला वाटलं आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "बरं. आता धरा नीट, डोकं हलू देऊ नका." आणि चोच घासायला घेतली. माझ्या माहितीत मी खरं बोललो आणि लगेच मला काम मिळालं असं ते पहिल्यांदा झालं.

वनरक्षक आला, पंचनामा झाला. आबांना समज देऊन सोडलं. आणि पाखराची तब्येत सुधारेपर्यंत त्याला बाईंच्या देखरेखीत ठेवायचं ठरलं. दवाखान्यामागं जाळीची एक रिकामी खोली होती, पूर्वी कोंबड्यांची. मी घाबरत विचारलं, पंख किती दिवसांत वाढतील? बाई म्हणाल्या, "कापलेलं पीस वाढत नसतं. ते गळावं लागतं, मग त्या जागी नवं येतं. सहा महिने, वर्ष. आणि येईलच असं नाही, मुळं जळली असतील तर नाही येणार." म्हणजे तो परत उडेल की जन्मभर जाळीत राहील, हे कुणालाच माहीत नव्हतं.

गुऱ्हाळावर आबांनी मला काढलं नाही, पण बोलणं टाकलं. मी दोन हातांवर खड्ड्यात, आणि आबा गुळव्याला सांगायचे, "त्यास्नी सांग, जाळ वाढवा म्हणावं." गुळव्या मला सांगायचा, "जाळ वाढवा म्हणत्यात." मी म्हणायचो, "वाढवतो म्हणावं." गुळव्या वैतागला. "आयला, मी गूळ करू का तुमचं टपाल पोचवू?"

काम संपलं की मी दवाखान्यात. बाईंनी सगळं पढवलं होतं. मोड आलेले मूग, पेरू, गवताचं ओलं बी, हिरवं कणीस. चहा-शेव बंद. मिरचीबद्दल मी भीतभीत विचारलं तर म्हणाल्या, "मिरची चालते. त्यांना तिखट लागतच नाही." मला गंमत वाटली. इतकी वर्षं त्याला तिखट देऊन बोलायला लावणारी माणसं, आणि त्याला ते कळतच नव्हतं. आणि एक ताकीद. "त्याच्याशी बोलायचं नाही. बोलायला शिकवायचं तर मुळीच नाही. माणसाची सवय मोडायची आहे." मला न बोलण्याचं काम मिळालं! जगात असं कामही असतं हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर.

रोज तासभर मी खोलीत स्टुलावर बसायचो, तो दांडीवर. दांडी मी वीतभर उंचीवर बांधली होती, पडला तरी लागू नये म्हणून. तो पडायचा, चढायचा, परत पडायचा. दोघांपैकी कुणी कुणाला बोल म्हणायचं नाही. महिन्याभरात छातीवर मऊ पांढुरकी लव आली. त्यानं पिसं उपटणं सोडलं होतं.

आणि मग मी तो घोळ केला. गुऱ्हाळाची रीत आहे, आलेल्याला तोंड गोड केल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. शत्रू आला तरी हातावर काकवी पडते. मला वाटलं, हा गडी एवढी वर्षं गुऱ्हाळावर राहिला, शेजारी एवढा गूळ शिजला, आणि याला कुणी धड गोड दिलं नाही. लव आली त्याच्या आनंदात वाटीभर ताजी काकवी घेऊन गेलो. तो चाटत राहिला, मान वाकडी करून, डोळे मिटून. मी स्टुलावर बसून रडायचा बाकी. दुसऱ्या दिवशी तो जमिनीवर फुगून बसलेला, खाली पाण्यासारखी विष्ठा, मान पंखात.

बाई संतापल्या. "फेकलात तेव्हा वाचला, आता लाडानं मारा! काय दिलंत?"

"काकवी."

"काकवी!" त्यांनी कपाळाला हात लावला. "तुम्हाला इथं येऊन किती महिने झाले? इथले सगळे गुण लागले की तुम्हाला."

चार दिवस ड्रॉपरनं औषध पाजलं. पाचव्या दिवशी त्यानं मुगाचा दाणा उचलला, टाकला, परत उचलला. मी बाहेर जाऊन हापशावर तोंड धुतलं.

पाडव्याला गुऱ्हाळ थंडावलं. गडी आपापल्या गावी निघाले. सरपंचाच्या पंखांत एकही नवं पीस नव्हतं. आईचा फोन आला. "कधी येशीन रे?"

म्हटलं, "एक पाखरू आहे माय, त्याले पंख यायचे हायेत."

ती म्हणाली, "काऊन रे, माणसायचं काम सोडून पाखराची चाकरी करून राह्यला?" रागावली नव्हती. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "खातो का बरोबर? ते पाखरू?"

मी राहिलो. बाईंनी दवाखान्यात कामाला घेतलं. झाडलोट, जनावर धरणं, पुढं पुढं नोंदी लिहिणं. माझं अक्षर बरं आहे हे त्यांनी सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं.

उन्हाळ्यात एक दिवस आबा आले. म्हशीच्या जंताचं औषध पाहिजे म्हणाले. औषध हातात पडलं तरी हलेनात. चालत मागं गेले, जाळीपाशी उभे राहिले.

"बारीक झालाय," आबा म्हणाले. चार महिन्यांनी माझ्याशी पहिला शब्द.

"जाड झालाय आबा. वजन केलंय."

"मग तसं म्हण की, मर्दा." आणि निघाले. दारात थांबून, पाठमोरेच, "मी काय त्याला मारत न्हवतो. माझ्या ताटातलं देत हुतो." मी म्हटलं, "व्हय आबा." दुसरं काय म्हणणार. मीही काकवी पाजलीच होती.

पावसाळ्याच्या तोंडाशी पहिलं कापलेलं पीस खाली पडलेलं दिसलं. मी ते उचलून बाईंकडं पळालो. त्यांनी उजेडात धरून बघितलं. पंधरा दिवसांनी त्या जागी खिळ्यासारखं काहीतरी उगवलं, निळसर, आवरणात गुंडाळलेलं. मग आवरण फुटून हिरवं टोक. मग दुसरं. आठवड्याला एक-दोन. मी दांडी वीत वीत वर सरकवत गेलो. गणपतीत तो एका दांडीवरून दुसरीवर गेला, वाकडा, धडपडत, पण पाय न टेकता हवेतून. मी शिट्टी वाजवणार होतो. न बोलायची ताकीद आठवली, तोंडावर हात ठेवला.

दसऱ्याच्या सुमाराला एका संध्याकाळी वरून राघूंचा थवा गेला, शुगर मिलच्या बाजूच्या झाडांकडं. सरपंच दांडीवर ताठ झाला. आणि ओरडला. कीऽऽर्र, कीऽऽर्र, इतकं मोठ्यानं की आतून बाई हातातलं काम टाकून आल्या. नऊ महिन्यांत त्याचा आवाज आम्ही ऐकला नव्हता. वरून उत्तर आलं. परत तो ओरडला. बाई हळूच म्हणाल्या, "झालं. आता आपलं काम संपत आलं." मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदम होतं हे तेव्हा कळलं.

दिवाळीनंतर वनरक्षकाच्या समोर जाळीची वरची बाजू मोकळी केली. हात लावायचा नाही, हाकलायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. तो दिवसभर आतच बसला. वनरक्षक चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच जाळीच्या कडेवर होता. तिसऱ्या दिवशी मागच्या जांभळावर. संध्याकाळी थवा आला तेव्हा फांदीवरून निघाला, आधी जरा खाली गेला, मग सावरला आणि त्यांच्यात मिसळला. मी डोळे ताणून बघत होतो. क्षणभर ओळखता आला, पुढच्या क्षणी नाही. सगळे एकसारखे हिरवे. ज्याला अख्खा बावडा लांबून ओळखायचा, तो मला ओळखू येईना, तेव्हा वाटलं, बरा झाला.

चार-पाच दिवस तो वाटीतलं खायला आला. मग आला नाही. वाटी धुऊन ठेवली.

याला दोन वर्षं झाली. कोल्हापूरनं मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मला लांबलचक सांगता येणार नाही. चुकल्यावर हाकलून न देणारी माणसं दिली. ओरडणारी दिली, पण ओरडून झाल्यावर 'जेवलास का' विचारणारी. माझी धास्ती गेलेली नाही, अजून नवं काम दिलं की हात ओले होतात. पण आता त्याच हातांनी बिथरलेलं जनावर धरतो आणि ते शांत होतं.

आबांचं गुऱ्हाळाशेजारी थोडं शाळूचं रान आहे. यंदा कणसं भरली आणि राघूंची धाड पडायला लागली. राखणीला माणूस मिळेना. परवा आबा दवाखान्यात येऊन बाईंना म्हणाले, "ह्या पावण्याला आठ दिवस सकाळच्या पारी सोडा की." बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी कसनुसा झालो. पण आबांना अजूनही मी नाही म्हणू शकत नाही.

पहाटे रानात गेलो. आबा मचाणापाशी उभे. हातात गोफण दिली, खिशात खडे भरले, कुठून थवा येतो, कुठं बसतो, सगळं दाखवलं. मग ओढ्याकडच्या कोपऱ्याकडं बोट केलं.

"तिकडच्या दोन वळी हायत न्हवं, तिकडं गोफण मारायची न्हाई."

"का हो आबा? तिथं तर सगळ्यात जास्त बसतात."

आबा खेकसले, "का म्हणून इचारतंय! त्यो भिकारडा सरपंच बी तिथंच बसत असंल न्हवं? चुकून त्याला खडा लागला म्हंजे?"

आणि बांधावरून चालू लागले. पूर्वेकडून थवा येत होता, ओरडत. मी गोफण मांडीवर ठेवली आणि त्यांना त्या दोन ओळींवर उतरू दिलं.